पुदुच्चेरी पाहावी पायी

आदिलाबादेहून कृष्णा एक्सप्रेसने तिरुपतीस जाणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. बालाजीचे दर्शन झाले की परतीची गाडी धरावयाची, हा बहुतेकांचा शिरस्ता. या खेपेस तो मोडून आम्ही सहकुटुंब बसने पुदुच्चेरी गाठली. शनिवार-रविवार एवढाच अवकाश होता; परंतु जुने गाव सपाट आणि आटोपशीर असल्यामुळे आपल्या पायांखेरीज दुसऱ्या वाहनाची गरज भासली नाही.

एका कालव्याने या गावाचे दोन भाग केले आहेत. समुद्राकडे फ्रेंचांची जुनी वस्ती, पलीकडे तमिळ वस्ती. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची आखणी मूळची डचांची. कोपऱ्याकोपऱ्यावर तमिळ व फ्रेंच अशा दोन्ही भाषांतील पाट्या दिसतात. ‘रू’ म्हणजे रस्ता, एवढे आमच्या मुलांनी ध्यानात ठेवले आणि रू द्युमा, रू रोमँ रोलाँ अशी नावे वाचीत वडीलधाऱ्यांस वाट दाखविली. पिवळ्या भिंती, पांढऱ्या कडा आणि कुंपणावरून ओसंडणारी बोगनवेल यांच्या सावलीने सकाळ सुखाची गेली. सायंकाळी समुद्राकाठचा रस्ता वाहनांस बंद होतो; तेव्हा 1836 सालचे जुने दीपगृह आणि गांधीजींचा पुतळा निवांत पाहता आला.

भारती उद्यानातील शुभ्र मंडपाची कथा विशेष मनात राहिली. आयी नावाच्या गणिकेने आपले राहते घर पाडून तेथे लोकांसाठी तलाव खोदविला, अशी आख्यायिका आहे. पुढे तिसऱ्या नेपोलियनच्या काळात शहरास पाणी मिळाले, तेव्हा तिच्या नावे हा मंडप उभारला गेला. रविवारी तमिळ वस्तीतून हिंडताना घरापुढचे ‘तिन्नै’ पाहून आजीबाई उद्गारल्या, “अग बाई, हा तर आपला ओटाच!”

मराठी माणसास हे गाव अगदीच परके नाही. 1677 साली शिवाजी महाराज कर्नाटकात उतरले, तेव्हा फ्रान्स्वा मार्तँ याने त्यांच्याकडे वकील पाठवून आपली वखार सांभाळली. पुढे जिंजीस राहून राजाराम महाराज राज्य राखीत असता, 1693 मध्ये डचांनी पुदुच्चेरी घेतली. ती 1699 मध्ये फ्रेंचांस परत मिळाली.

आता येथे फ्रेंच बोलतात काय, असे कोणी विचारील. बाजारात कानी पडते ती तमिळच. तथापि 1826 साली स्थापन झालेली फ्रेंच शाळा चालू आहे, आणि फ्रेंच नागरिकत्व राखलेली कुटुंबे फ्रान्सच्या निवडणुकीत मतही देतात. कारभार भारताकडे आला 1 नोव्हेंबर 1954 रोजी. 1956 च्या तहात फ्रेंच भाषेचे स्थान राखले गेले आणि 1962 मध्ये हस्तांतर कायदेशीर झाले. राज्य गेले, तरी भाषा शाळेच्या आणि घराच्या आधाराने टिकली.

वाचकहो, त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, आपल्याही जिल्ह्याची वाटणी झाली. राजुरा व किनवट मराठी मुलखात गेले. पैनगंगेच्या अलीकडे आपण राहिलो. त्या वेळी आपल्या मराठीसाठी कोणी तह केला नव्हता. तरी बेला, जैनथ परिसरात ती आजही चुलीपाशी आणि बाजारात नांदते. मात्र नातवंडांस ती बोलता येते, वाचता येत नाही, ही तक्रार आता घरोघर ऐकू येते. पुदुच्चेरीच्या पाट्या मुलांनी हौसेने वाचल्या. घरी परतल्यावर त्याच हौसेने रोज एक मराठी पान त्यांच्याकडून मोठ्याने वाचवून घ्यावे, असे आम्ही ठरविले आहे.

जाणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस निवडावेत, छत्री व पाण्याची बाटली जवळ ठेवावी, आणि दुपारी विसावा घ्यावा.