दुसऱ्या मृतदेहाची गोष्ट

पी. डी. जेम्स यांची ‘अ टेस्ट फॉर डेथ’ ही 1986 सालची कादंबरी पहिल्याच वाक्यात प्रेतं सापडल्याचं सांगून टाकते. बुधवार, 18 सप्टेंबर, सकाळचे पावणेनऊ. लंडनच्या पॅडिंग्टन भागातल्या सेंट मॅथ्यूज चर्चमध्ये, धर्मगुरूंचे झगे ठेवायच्या छोट्या खोलीत, गळे चिरलेले दोन पुरुष पडले आहेत. एक सर पॉल बेरोन, नुकताच मंत्रिपदाचा राजीनामा दिलेला खानदानी बॅरोनेट. दुसरा हॅरी मॅक, चर्चच्या ओसरीत रात्री काढणारा बेघर. प्रेतं पाहणारी एमिली व्हॉर्टन पासष्टीची, एकटी, चर्चची मनोभावे सेवा करणारी. सोबतचा डॅरन दहा वर्षांचा. त्याच्याकडे घरात कुणाचं लक्ष नाही.

बेरोन काही दिवसांपूर्वी याच चर्चमध्ये शिरला होता आणि तिथं त्याला कसलासा साक्षात्कार झाला. काय झालं ते तो कुणाला धड सांगू शकला नाही. पण त्यानंतर त्यानं मंत्रिपद सोडलं. तिथले धर्मगुरू फादर बार्न्स यांना तर त्याच्या मनगटांवर ख्रिस्ताच्या जखमांसारखे व्रण दिसल्यासारखं वाटलं. तपास करणारा कमांडर अॅडम डॅलग्लीश स्वतः पाद्र्याचा मुलगा. बायको आणि तान्हं मूल बाळंतपणात गेल्यापासून त्याची देवावरची श्रद्धा उरलेली नाही. बेरोनला आलेला अनुभव खरा की भास, हे ठरवायला त्याच्यापाशी कुठलीच प्रयोगशाळा नाही.

नेमका याचाच फायदा खुन्याला मिळतो. हत्यार बेरोनचाच वस्तरा, शेगडीत त्याचीच अर्धवट जळालेली डायरी. धर्मवेडानं डोकं फिरलेल्या माणसानं आधी भिकाऱ्याला मारलं आणि मग स्वतःचा गळा चिरला, असं म्हटलं की प्रकरण मिटतं. ते मिटत नाही, कारण हॅरीच्या कोटाखाली गालिच्यावर रक्ताचा डाग सापडतो आणि ते रक्त बेरोनचं निघतं. म्हणजे हॅरी खाली कोसळला तेव्हा बेरोनचं रक्त आधीच सांडलेलं होतं. मेलेला माणूस कुणाचा गळा चिरू शकत नाही. बॅरोनेटच्या नावावरचा खुनाचा कलंक पुसला जातो तो बेघर माणसाच्या अंगाखाली झाकून राहिलेल्या त्या डागामुळं. माझ्या मते या कादंबरीचा कणा हाच आहे.

जेम्स यांनी हे चर्च कल्पनेतून उभं केलं आहे. कालव्याकाठी सर आर्थर ब्लोमफील्डच्या शैलीतली बॅसिलिका बांधल्याबद्दल त्यांनी लंडनच्या धर्मप्रांताची सुरुवातीलाच माफी मागितली आहे. ब्लोमफील्ड मात्र खराखुरा वास्तुविशारद; तरुणपणी कादंबरीकार टॉमस हार्डी त्याच्याच कचेरीत कामाला होता. त्याचे वडील चार्ल्स जेम्स ब्लोमफील्ड लंडनचे बिशप. 1832 साली गरिबांविषयीच्या कायद्याची चौकशी करायला नेमलेल्या शाही आयोगात ते होते. त्या आयोगाच्या शिफारशींवरून 1834 चा कायदा आला आणि मदत हवी असेल तर घरदार सोडून वर्कहाउसमध्ये या, असा दंडक झाला. हॅरी ज्या धर्तीच्या चर्चमध्ये मारला जातो, तिच्या रचनाकाराच्या घरातच निराश्रितांविषयीचं असं धोरण घडलं होतं. हा योग जेम्स यांच्या मनात होता का, कोण जाणे. पण तो ध्यानात ठेवून कादंबरी वाचली की ओसरीतला हॅरी वेगळाच दिसतो.

हॅरीसारख्याला कायद्यानं तरी काय दिलं होतं? उघड्यावर झोपणं गुन्हा ठरवू शकणारा 1824 चा भटक्यांविषयीचा कायदा कादंबरी आली तेव्हा लागू होता. (आपला 1959 चा मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदाही निराधाराला मुळात गुन्हेगार समजूनच चालतो.) 1977 च्या बेघरांसाठीच्या कायद्यानं घर देण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली, पण अग्रक्रम लेकुरवाळ्यांना, गरोदर बायकांना, वृद्ध आणि आजारी माणसांना. धडधाकट एकटा पुरुष त्यात बसत नव्हता. त्याच्यासाठी उरत होती धर्मादाय आश्रयस्थानं, नाहीतर चर्चची ओसरी. डिसेंबर 1985 मध्ये इंग्लंडच्या चर्चनं ‘फेथ इन द सिटी’ हा अहवाल काढून शहरांतल्या गरीब वस्त्यांच्या दुर्दशेबद्दल सरकारलाही खडसावलं आणि स्वतःचीही झाडाझडती घेतली. थॅचर सरकारच्या गोटातून त्यावर मार्क्सवादाचा शिक्का बसला. पुढच्याच वर्षी ही कादंबरी आली, आणि तिच्यात मरणारा बॅरोनेट थॅचर यांच्याच पक्षाचा माजी मंत्री आहे.

कादंबरीत घरं फार आहेत. बेरोनचं कॅम्पडेन हिल स्क्वेअरमधलं घर सर जॉन सोननं बांधलेलं म्हणून मिरवतं. डॅलग्लीशच्या पथकातली इन्स्पेक्टर केट मिस्किन आजीनं वाढवलेली, गरिबांच्या टोलेजंग इमारतीतून बाहेर पडलेली. स्वतःचा फ्लॅट म्हणजे तिची सगळी कमाई. म्हातारी आजी तिथं राहायला येऊ पाहते तेव्हा केटच्या पोटात गोळा येतो. हा भाग मला साक्षात्काराच्या प्रसंगाहूनही प्रामाणिक वाटतो. गृह मंत्रालयाच्या पोलीस विभागात नोकरी केलेल्या, आजारी नवऱ्याच्या मागं संसार ओढलेल्या जेम्सबाईंना छपराची किंमत पुस्तकं वाचून शिकावी लागली नव्हती.

त्या स्वतः श्रद्धाळू अँग्लिकन होत्या, तरी त्यांनी एमिलीला सुखाचा शेवट दिला नाही. जे पाहिलं त्यानं तिचा विश्वास डळमळतो. श्रद्धा आटली तरी प्रार्थनेचे शब्द म्हणत राहावेत, ही पूर्वी एका पाद्र्यानं केलेली सूचना तेवढी तिच्यापाशी उरते.

माझी तक्रार हॅरीपुरती आहे. बेरोनची आई, बायको, मुलगी, प्रेयसी, सगळ्यांची मनं जेम्स पानंच्या पानं उलगडतात. हॅरीशी कुणाचं वैर नव्हतं. तो नको त्या वेळी तिथं होता, एवढ्यावरच त्याचा जीव गेला. डॅलग्लीश दोन्ही मृत्यूंचा तपास सारख्याच निष्ठेनं करतो, हे खरं. पण हॅरी कुठून आला आणि रस्त्यावर कसा पडला, हे वाचकाला जेमतेमच कळतं. बेरोनच्या आयुष्याला दिलेल्या पानांतली थोडी पानं त्याच्या वाट्याला यायला हवी होती.