पोचेदुरुस्ती, विनारंग

मोटारगाडीच्या पत्र्यावर पडलेले लहान पोचे, वरचा मूळ रंगलेप कायम ठेवून, पत्रा मागील बाजूने हळूहळू दाबून किंवा पुढील बाजूने ओढून पूर्ववत करण्याच्या पद्धतीस विनारंग पोचेदुरुस्ती म्हणतात. या पद्धतीत पुट्टी भरणे, घासणे व पुन्हा रंग देणे या क्रिया कराव्या लागत नाहीत. वाहनतळावर शेजारच्या गाडीचे दार लागून, चेंडू किंवा नारळासारखी वस्तू आदळून अथवा गारांच्या माऱ्याने पडलेले पोचे या पद्धतीने काढतात. रंग तडकला असेल किंवा ओरखडा पत्र्यापर्यंत गेला असेल, तर पोचा निघाला तरी रंगकाम टळत नाही.

मूळ रंगलेपाचे महत्त्व : कारखान्यात गाडीची नुसती धातूची बॉडी फॉस्फेटाच्या विद्रावाने संस्कारित करून विद्युत् निक्षेपणाच्या टाकीत पूर्णपणे बुडवितात. त्यामुळे पत्र्याच्या दोन्ही बाजूंवर, तसेच पोकळ भागांच्या आतही गंजरोधक अस्तर बसते. हे अस्तर सुमारे १६०° ते १८०° से. तापमानाच्या भट्टीत पक्के करतात. त्यावर पृष्ठक, रंगाचा थर व पारदर्शक थर असे लेप देतात. वरचे थर सामान्यतः १४०° से.च्या आसपास भाजले जातात. या सर्व थरांची एकूण जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे ०·१ ते ०·१५ मिमी. एवढीच असते.

तयार गाडीत रबर, प्लॅस्टिक, तारा व इतर भाग बसविलेले असल्याने तिला पुन्हा एवढे तापमान देता येत नाही. म्हणून कार्यशाळेत दोन घटकांच्या रासायनिक विक्रियेने घट्ट होणारे रंग वापरतात व ते सुमारे ६०° से.ला वाळवितात. काळजीपूर्वक केलेले असे रंगकाम टिकाऊ असते. तथापि त्यासाठी मूळ थर घासावे लागतात, छटा जुळविण्यासाठी रंग पोच्याच्या भोवती बराच दूरवर पसरवावा लागतो आणि पत्रा उघडा पडल्यास कारखान्यातील अस्तर त्या जागी परत मिळत नाही. नाण्याएवढ्या पोच्यासाठी संपूर्ण दाराचा मूळ लेप गमवावा लागू नये, हा विनारंग दुरुस्तीचा मुख्य हेतू होय.

पोच्याचे स्वरूप : बॉडीच्या बाह्य भागांसाठी वापरण्यात येणारा पोलादी पत्रा साधारणपणे ०·६ ते ०·८ मिमी. जाडीचा असतो. आघाताने आलेला ताण स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत राहिल्यास पत्रा आपोआप मूळ आकार घेतो. मर्यादा ओलांडल्यास त्यात कायमचे, म्हणजे आकार्य विरूपण होते. प्रत्यक्ष पोच्यात हे दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. मध्यभागी व कडेच्या दुमडीत धातू कायमचा वाकलेला असतो, तर भोवतालचा बराच पत्रा केवळ त्या भागाने अडवून धरल्यामुळे खाली राहिलेला असतो. शिवाय खड्ड्याभोवती बहुधा उंचवट्याचे एक कडे उठते. ते हलकेच खाली बसविले व मधला भाग उचलला की, अडकलेला पत्रा मोकळा होऊन स्वतःच वर येऊ लागतो. कारागिराचे कौशल्य ही अडवणूक नेमकी कोठे आहे, ते ओळखण्यात असते.

पोचा निघेल की नाही, हे त्याच्या रुंदीपेक्षा रुंदी व खोली यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. पोच्याचा छेद वर्तुळखंडासारखा मानल्यास ३० मिमी. रुंद व २ मिमी. खोल पोच्यात पत्र्याची रेषा सरासरीने सुमारे १·२ टक्के ताणली जाते. तेवढ्याच रुंदीचा पोचा ५ मिमी. खोल असल्यास हा ताण ७ टक्क्यांच्या वर जातो. उलट १०० मिमी. रुंद व ५ मिमी. खोल पोच्यात तो १ टक्क्यापेक्षाही कमी असतो. म्हणून तळहाताएवढा उथळ पोचा बराच सोपा, तर बोटाच्या टोकाएवढा खोल व टोकदार पोचा अतिशय अवघड ठरतो. फार ताणलेल्या पत्र्याचे क्षेत्रफळच वाढलेले असते. तो मूळ जागेत सामावत नाही व फुगवटा धरतो.

थंड स्थितीत वाकविलेला धातू अधिक कठीणही होतो. तांब्याची भांडी मठारताना तांबट याच गुणधर्माचा उपयोग करून घेतात. हातोडीच्या दाट ठोक्यांनी पत्रा ताणला जाऊन भांड्याला ताठपणा येतो. पोचा काढताना मात्र हाच गुणधर्म अडचणीचा ठरतो, कारण प्रत्येक चुकीच्या दाबाने पत्रा अधिक हट्टी बनतो.

साधने व कृती : वेगवेगळ्या लांबीच्या व वळणाच्या, घासून गुळगुळीत केलेल्या टोकांच्या पोलादी सळया हे मुख्य साधन होय. काचेच्या फटीतून, दिवा किंवा आतील आवरण काढून अथवा मूळच्याच छिद्रातून सळई पोच्याच्या मागे नेतात. समोर रेघा असलेला प्रकाशित फलक ठेवतात. सपाट भागात रेघांची प्रतिबिंबे सरळ, तर खड्ड्यात व उंचवट्यावर ती विकृत दिसतात. सळईचे टोक कोठे आहे, हेही प्रतिबिंबाच्या हालचालीवरूनच कळते. त्यानंतर कडेकडून मध्याकडे, एकमेकांस लागून असे अनेक सूक्ष्म दाब देतात. एकाच जोरदार दाबाने पोचा उलट बाजूस टेंगूळ होऊन बाहेर येतो. असे उंचवटे नायलॉनच्या बोथट टोकाच्या ठोकणीने खाली बसवितात.

मागून पोहोचणे अशक्य असल्यास प्लॅस्टिकची छोटी बटणे उष्ण गोंदाने रंगावर चिकटवून ओढतात. नंतर अल्कोहॉल लावून गोंद सोडवितात. थंड रंगलेप ठिसूळ असल्याने काम करण्यापूर्वी तो माफक ऊब देऊन लवचिक करतात. ॲल्युमिनियमाचा स्थितिस्थापकता गुणांक पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असल्याने त्याचा पत्रा दाबल्यावर अधिक मागे फिरतो. त्यासाठी जास्त वेळ व काळजी लागते.

मर्यादा व गैरसमज : दाराची दुमडलेली कड, दुहेरी पत्र्याचे भाग व बॉडीवरील तीक्ष्ण रेषा येथील पोचे पूर्णपणे निघणे कठीण असते. पूर्वी पुट्टी भरलेल्या जागी दाब दिल्यास पुट्टी तडकते, म्हणून प्रथम रंगलेपाची जाडी मापकाने तपासणे इष्ट असते. सळई घालण्यासाठी पत्र्यास नवे छिद्र पाडणे अयोग्य होय. तेथे अस्तर भेदले जाऊन गंजाला वाट मिळते व मूळ लेप राखण्याचा हेतूच निष्फळ होतो.

पोचा तापवून त्यावर बर्फ ठेवल्यास तो निघतो, असा समज आढळतो. पोलादाचे तापमान ६०° से.ने वाढल्यास त्याची लांबी सुमारे ०·०७ टक्का वाढते. १ टक्क्याहून अधिक कायमचा ताण त्यामुळे नाहीसा होऊ शकत नाही. काठावर अडकलेला उथळ पत्रा कधी अशा उपायाने किंवा रबरी चोषण-वाटीने उसळून वर येतो. परंतु त्यात मुळात आकार्य विरूपण अल्पच असते. गरम पाण्याचा उपाय प्लॅस्टिकच्या बंपरला मात्र लागू पडतो, कारण ते उष्णतेने मऊ होते.

प्रसार : १९८०च्या दशकापासून अमेरिका व यूरोप येथे ही पद्धत स्वतंत्र व्यवसाय म्हणून वाढली. गारपिटीत एकाच टपावर शेकडो पोचे पडतात, पण रंग अनेकदा अभंग राहतो. १२ जुलै १९८४ रोजी म्यूनिक येथे झालेल्या गारपिटीत सुमारे २ लाख मोटारगाड्यांचे नुकसान झाले होते. अशा प्रसंगी प्रत्येक गाडी घासून रंगविण्यापेक्षा पोचे दाबून काढणे सोयीचे ठरते. भारतात हातोडी व ठोकळा यांनी पत्रा सरळ करून पुट्टी व रंग देण्याची ‘डेंटिंग-पेंटिंग’ पद्धत रूढ असून तिच्या जोडीने शहरांत विनारंग दुरुस्तीही केली जाते. दोन्हींचे क्षेत्र भिन्न आहे. फाटलेला, गंजलेला किंवा फार ताणलेला पत्रा पहिल्या पद्धतीनेच दुरुस्त करावा लागतो. रंग अभंग व पोचा उथळ असल्यास मात्र हातोडी व पुट्टीचा उपयोग करण्यापूर्वी विनारंग दुरुस्तीचा विचार करणे हिताचे असते, कारण एकदा घासलेला मूळ लेप पुन्हा मिळविता येत नाही.