क्लेमॅटिस आणि आपली मोरवेल : वेल कोणती निवडावी, कशी वाढवावी?



आमच्या शाळेतल्या एका पालक ताईंची बहीण इंग्लंडला असते. तिच्या दारावर जांभळ्या-निळ्या, तळहाताएवढ्या फुलांची वेल चढली आहे. तिचं नाव क्लेमॅटिस. फोटो बघून ताईंनी तशाच फुलांचं चित्र असलेलं बियांचं पाकीट ऑनलाइन मागवलं आणि हौसेने अर्ध्या बिया शाळेच्या परसबागेला दिल्या. दीड महिना झाला. मुलं रोज मधल्या सुट्टीत कुंडीत डोकावतात. काहीच उगवलेलं नाही. "बाई, आम्ही पाणी जास्त घातलं का?" असं दोन-तीन जणांनी विचारलं.

मुलांचं काहीही चुकलेलं नाही. पण का चुकलं नाही, हे त्यांना नीट सांगायचं तर वेल कशी निवडतात हे मुळापासून समजून घ्यावं लागतं. म्हणून आजचा हा पाठ.

क्लेमॅटिस म्हणजे काय?

क्लेमॅटिस हे एका वेलीचं नाव नाही, ते एका प्रजातीचं नाव आहे. तिच्यात जगभरात मिळून सुमारे ३०० जाती आहेत. बहुतेक वेली, काही झुडपं. गंमत अशी की ज्या कुळात ही प्रजाती येते त्या कुळाला मराठीत 'मोरवेल कुळ' असंच म्हणतात, कारण आपल्या सह्याद्रीत वाढणारी मोरवेल ही क्लेमॅटिसच आहे! म्हणजे इंग्लंडच्या दारावरची ती वेल आणि आपल्या घाटातली रानवेल या सख्ख्या बहिणी नसल्या तरी चुलत बहिणी नक्की. आपल्या डब्यातली कलौंजीसुद्धा याच कुळातली.

फुलाबद्दल एक गोष्ट मुलांना जरूर दाखवावी. क्लेमॅटिसच्या फुलात आपल्याला ज्या रंगीत 'पाकळ्या' दिसतात त्या खऱ्या पाकळ्या नसतात, ती निदलं असतात. जास्वंदीत निदलपुंज हिरवा आणि दलपुंज रंगीत, हे आपण शिकवतो. इथे दलपुंज नाहीच, निदलांनीच रंगाचं काम उचललेलं आहे.

वेल चढते कशाने, हे आधी बघा

वेल निवडताना आपण सगळे पहिल्यांदा फुलाचा रंग बघतो. माझ्या मते पहिला प्रश्न हा असायला हवा की ही वेल आधार कशाने धरते? काकडी, कारलं यांना स्प्रिंगसारखे ताणे असतात. गोकर्णाचं खोडच आधाराभोवती पीळ घालतं. मनी प्लांट मुळं चिकटवून चढतो. बोगनवेल काट्यांच्या जोरावर अडकत जाते.

क्लेमॅटिसची तऱ्हा वेगळी. तिच्या पानाचा देठच आधाराला वेटोळं घालतो. देठाला काडीचा स्पर्श झाला की तो त्या बाजूला वाकतो, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वेढा पूर्ण होतो, आणि पुढे तो देठ जाड आणि टणक होऊन बसतो. चार्ल्स डार्विनने वेलींच्या हालचालींवर १८६५ साली सविस्तर लिहिलं, त्यात क्लेमॅटिसच्या जातींवर केलेले प्रयोग आहेत. देठाला हलक्या दोऱ्याचा फास अडकवला तरी तो वाकतो, हे त्याने नोंदवून ठेवलं आहे.

याचा व्यवहारातला अर्थ काय? पानाचा देठ असतो केवढा! तो बांबूला किंवा लोखंडी खांबाला वेढा घालू शकत नाही. आधार पेन्सिलीच्या जाडीचा किंवा त्याहून बारीक हवा. तार, सुतळी, मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा, तुरीच्या वाळक्या काटक्या, काहीही चालेल. भिंतीवर तार लावायची तर भिंतीपासून दोन-तीन बोटं अंतर ठेवून लावा, म्हणजे देठाला मागून फिरायला जागा मिळते. कितीतरी जण जाड खांबाशी वेल लावतात आणि ती चढत नाही म्हणून तिला आळशी ठरवतात.

थंड देशात ती कशी वाढवतात

मोठ्या फुलांच्या ज्या वेली आपण फोटोत बघतो त्या बहुतेक संकरित असतात. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे 'जॅकमनी'. इंग्लंडमधल्या वोकिंग इथल्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली केलेल्या संकरातून ती मिळाली. गर्द जांभळी, मखमली. ताईंच्या बहिणीकडची तीच असावी असं फोटोवरून वाटतं.

यात भारताचाही वाटा आहे. 'क्लेमॅटिस मोंटाना' ही हिमालयातली जात. वसंतात ती पांढऱ्या-गुलाबी, चार निदलांच्या फुलांनी अशी भरून जाते की पान दिसत नाही. ही वेल १८३१ साली ब्रिटनमध्ये पोहोचली ती लेडी अॅम्हर्स्ट यांच्यामुळे, म्हणजे भारताच्या गव्हर्नर जनरलच्या पत्नी. (उर्वशी नावाच्या सुंदर झाडाचं शास्त्रीय नाव 'अॅम्हर्स्टिया' आहे, ते त्यांच्याच नावावरून.)

तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. रोप घेताना फुलाबरोबर छाटणीचा गट विचारा, कारण सगळी मेख तिथेच आहे. पहिल्या गटातल्या वेली वसंतात जुन्या फांद्यांवर फुलतात. मोंटाना याच गटातली. तिला फुलं संपल्यावर हलकीच कात्री लावायची. दुसऱ्या गटात 'नेली मोझर'सारख्या मोठ्या फुलांच्या, उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या वेली. हिवाळा सरताना त्यांच्या मेलेल्या, कमजोर काड्या काढायच्या, बाकीचं तसंच ठेवायचं. तिसरा गट नव्या फुटीवर उशिरा फुलणारा. जॅकमनी यातली. तिला फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीपासून साधारण फूटभर ठेवून सरळ कापायचं. हे करताना जीव वर-खाली होतो, पण नाही कापलं तर खाली नुसत्या काड्या आणि फुलं सगळी छपराजवळ. आणि पहिल्या गटातली वेल फेब्रुवारीत अशी कापली तर त्या वर्षी फुलं विसरा. नवीन शिकणाऱ्याने तिसऱ्या गटातली घ्यावी, कारण तिथे चुकायला फारसा वाव नाही.

लावताना रोप कुंडीत होतं त्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर खोल लावतात. मोठ्या फुलांच्या संकरित वेलींना मर रोग होतो, चांगली हिरवीगार वेल एका-दोन दिवसांत मान टाकते. खोड थोडं जमिनीखाली असेल तर तिथून नवी फूट येते. शेंड्याला पाच-सहा तास ऊन हवं, पण मुळाशी गारवा हवा. म्हणून बुडाशी लहान झुडपं लावतात किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन घालतात.

मग आपल्याकडे का जमत नाही?

शेवटचं वाक्य परत वाचा : मुळाशी गारवा. आपल्या पठारावर एप्रिल-मे महिन्यात कुंडीला हात लावला तर चटका बसतो. शिवाय या संकरित वेलींना हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते. पानं गळतात, वेल मेल्यासारखी दिसते आणि वसंतात फुटते. आपल्या थंडीत तिला झोप लागत नाही आणि आपल्या उन्हात तिला जाग राहवत नाही, असं काहीतरी तिचं होतं. उत्तरेकडच्या थंड हवेच्या डोंगराळ गावांत ती छान वाढते. सोलापूर, जळगाव, नागपूरकडे मात्र तिच्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बियांचं काय? हे खरं महत्त्वाचं. संकरित वेलीच्या बियांपासून आईसारखीच वेल येत नाही, म्हणून चांगले रोपवाटिकावाले ती छाट कलमाने किंवा दाब कलमाने वाढवतात. बी पेरलं तरी क्लेमॅटिसचं बी उगवायला कित्येक महिने घेतं. मोठ्या फुलांच्या काही वेलींचं बी तर वर्षाहून जास्त वेळ घेतं. तेव्हा 'निळ्या क्लेमॅटिसच्या बिया, दोन आठवड्यांत उगवण' असं पाकिटावर लिहिलेलं असेल तर ते पाकीट ठेवून द्यावं. मुलांना मी हेच सांगितलं, की पाणी बरोबर होतं, पाकिटावरचं चित्र बरोबर नव्हतं.

आपली मोरवेल

मोरवेल हे नाव आपल्याकडे क्लेमॅटिसच्या दोन-तीन जातींना मिळून वापरतात. 'क्लेमॅटिस गौरियाना'ला मलईसारखी पांढरी, बारीक फुलं झुबक्यांनी येतात. 'हेडिसारिफोलिया'चं पान तीन पर्णिकांचं. तिसरी 'हेनी', जिला पुष्कळ ठिकाणी रानजाई म्हणतात, तिची पांढरी फुलं या तिघींत मोठी. पावसाळा ओसरू लागला की घाटमाथ्यावर, महाबळेश्वरच्या परिसरात, रस्त्याकडेच्या झुडपांवर पांढरी चादर टाकल्यासारख्या या वेली दिसतात. नंतर फळं धरली की प्रत्येक फळाला पिसासारखी रुपेरी शेपटी येते आणि ती वाऱ्याबरोबर उडतात. मुलं रुईच्या म्हाताऱ्या पकडतात ना, तसंच काहीसं. फरक इतकाच की रुईत केसांचा झुबका बीला असतो, इथे शेपटी फळाला असते.

गावोगावी नावं बदलतात आणि रानजाई म्हणून दुसरीही वेल दाखवली जाते. म्हणून नावावर जाऊ नका, तीन खुणा बघा : पानं समोरासमोर, देठाने घातलेला वेढा, आणि फळाला पिसासारखी शेपटी. तिन्ही जुळल्या तर क्लेमॅटिस.

घरी आणायची तर रानातून मुळासकट उपटू नये. एक तर ती जगत नाही, आणि राखीव जंगलात तो गुन्हा आहे. देशी रोपं तयार करणाऱ्या रोपवाटिकेत विचारा. ओळखीच्या शेताच्या बांधावर असेल तर पावसाळ्यात दाब कलम करा. जमिनीलगतची फांदी वाकवायची, एका पेरावर साल हलकी खरवडायची, ते पेर मातीत दाबून वर दगड ठेवायचा. मुळं धरल्यावरच मूळ वेलीपासून तोडायची. छाट कलम करायचं असेल तर ते इतर झाडांसारखं पेराच्या लगेच खाली न कापता दोन पेरांच्या मध्ये कापतात. वर पानांची एक जोडी ठेवायची, पान मोठं असेल तर अर्धं कापायचं.

माती निचऱ्याची हवी. काळी चिकण माती असेल तर वाळू आणि भरपूर शेणखत मिसळा, नाहीतर पावसात मुळं कुजतात. कुंडी निदान दीड फूट खोल हवी, आणि प्लास्टिकच्या काळ्या कुंडीपेक्षा मातीची बरी, ती गार राहते. कुंडीच्या पायाशी ऑफिस टाइम किंवा पुदिना लावला की मुळांवर सावली पडते. उन्हाळ्यात मोरवेल मरगळते, तेव्हा घाबरून रोज बादलीभर पाणी ओतू नका, माती बोटभर खोल कोरडी वाटली की द्या. फुलं पावसानंतर येतात, म्हणून छाटणी पावसाआधी, मेच्या शेवटी करावी. ही वेल आवरत नाही तेव्हा लहान गॅलरीला ती नको, कुंपणाला हवी.

निळाच रंग हवा असेल तर

मोरवेलीत निळा रंग मिळणार नाही, हे खरं. मग गोकर्ण लावा. बी रात्रभर भिजवून पेरलं की आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं आणि त्याच हंगामात फुलतं. शाळेसाठी याच्याइतकी भरवशाची वेल नाही. जागा मोठी असेल तर पेट्रिया लावा. वसंताच्या सुमारास जांभळे घोस येतात, आणि गर्द फूल गळून गेल्यावरही निदलांच्या फिकट चांदण्या कितीतरी दिवस टिकतात. कृष्णकमळही चांगलं, फक्त त्याला ताणे असल्यामुळे ते शेजारच्या झाडावर कधी गेलं ते कळत नाही.

वर्गात करून बघा

मोरवेल मिळाली तर इयत्ता चौथी-पाचवीला हा प्रयोग सहज जमतो. वाढत्या शेंड्याजवळच्या एका कोवळ्या पानाच्या देठाला टेकेल अशी काडी मातीत रोवा. शेजारच्या दुसऱ्या देठाला काहीच लावू नका. मुलांनी सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना दोन्ही देठांचं चित्र वहीत काढायचं. दुसऱ्या दिवशी परत. दोन देठांतला फरक मुलं स्वतःच सांगतात, आपल्याला बोलावं लागत नाही. हाच प्रयोग गोकर्णावर केला तर देठ काहीच करत नाही, खोड फिरतं. तेही दाखवा.

एक काळजी मात्र घ्या. मोरवेलीचा ताजा रस त्वचेला झोंबतो, काहींना फोडही येतात. पान चुरगळायला, चावायला मुलांना देऊ नका. छाटणी मोठ्यांनीच हातमोजे घालून करावी, आणि कापलेल्या फांद्या शेळ्यांच्या पुढ्यात न टाकता खताच्या खड्ड्यात टाकाव्यात.