मांडीवरची गिटार

आमची दादरची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि माळा रिकामा करायची वेळ आली. तांब्याचा बंब, दोन होल्डॉल, आजोबांच्या ट्रंका आणि सगळ्यात मागे चादरीत गुंडाळलेली एक लांबट पेटी. ‘‘ती माझी हवाईयन गिटार. नीट उतरव गं!’’ खालून आत्या म्हणाली. आत्याचं वय ब्याऐंशी. तिला गिटार वाजवताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

आजोबा रेल्वेत होते. १९६३ साली त्यांनी ती कोलकात्याहून आणलेली. चार वर्षं आत्या शिकली, मग लग्न झालं. सासरी दोन खोल्यांत नऊ माणसं. गिटार माहेरीच राहिली.

ही गिटार छातीशी धरत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादी बार. तारा दाबायच्या नाहीत, त्यांच्यावरून बार फिरवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर ही पद्धत रुजली. तिचं श्रेय बहुधा जोसेफ केकुकू यांना दिलं जातं. १९३२ साली रिकेनबॅकरची विजेवर चालणारी अ‍ॅल्युमिनियमची गिटार बाजारात आली. गोल अंग आणि लांब मान, म्हणून तिचं नावच पडलं ‘फ्राइंग पॅन’. पण गरम झालं की अ‍ॅल्युमिनियम प्रसरण पावतं आणि सूर हलतात. मग १९३५ मध्ये बेकेलाइटची आली. हो, आपल्या जुन्या घरांतल्या काळ्या बटणांचं तेच बेकेलाइट!

१९४० च्या दशकात हवाईयन संगीत वाजवणारे ताऊ मो कोलकात्यात राहिले आणि तिथे हे वाद्य घरोघरी गेलं. आपल्याला ते परकं वाटलं नाही, कारण बार सरकवला की थेट मींड येते. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्ड्स आत्याच्या पिढीला पाठ. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आठवतेय? संतूर आणि बासरीबरोबरची ती गिटार त्यांचीच. पुढे विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी घोळ घातला. गिऱ्हाईक येणार म्हणून पितळेची भांडी घासायची पावडर घेतली आणि घोडीवरची धातूची पट्टी लख्ख केली. त्याआधी एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन ‘‘तारा गंजल्यात, पाचशे देतो,’’ म्हणून गेला होता. मग ओळखीतून एक तरुण मुलगा आला, हेच वाद्य शिकणारा. पट्टी पाहून त्याचा चेहराच पडला. ‘‘काकू, मुलामा गेला हो! हात लावला नसतात तर जास्त दिले असते.’’

वाद्य कसं पारखायचं, हे त्या दिवशी मी त्याच्याकडून शिकले. पडदे झिजलेत का, हे त्याने पाहिलंसुद्धा नाही. बार पडद्यांना टेकतच नाही, मग झिजतील कसे? तारा गंजल्या तर नव्या लावता येतात. त्याने पाहिलं ते सांधे, खुंट्या आणि मूळचे स्क्रू. लाकडी पोकळ गिटार असेल, तर घोडीमागे पोट फुगलंय का, हे आधी बघायचं; तारांचा ताण तिथेच येतो. मग त्याने अँप्लिफायरला जोडून एकेक तार छेडली. बटण फिरवताना खरखर आली, तर साफसफाईने जाते. पण पिकअप मेला असेल, तर दुरुस्तीला मोठा खर्च. जुनी म्हणजे महाग, असंही नाही. अमेरिकेत शिकाऊ लोकांसाठी अशा गिटारी ढिगाने बनल्या. नाव, अवस्था आणि मूळचे भाग यांवर किंमत ठरते. म्हणूनच विकण्याआधी रंग, पॉलिश काहीही करू नका. पाठवायची झाली, तर तारा सैल करून पाठवा.

घरात सगळ्यांचं एकच, ‘‘विकायची नाही, नव्या हॉलमध्ये भिंतीवर लावू.’’ आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘भिंतीवर टांगायला ते काय कॅलेंडर आहे? साठ वर्षं माळ्यावर होती तेव्हा कुणाला आठवली नाही. ती माझी आहे, मीच विकणार. वाजवणाऱ्याला देईन, पण फुकट नाही. फुकट मिळालेलं लोक परत माळ्यावर टाकतात.’’

तिने पंधरा सांगितले, मुलाने दहा. सौदा बारा हजारांना तुटला. त्याने नोटा तिच्या हातात ठेवल्या, तेव्हा आम्ही कुणीच काही बोललो नाही.

त्या पैशांत थोडी भर घालून आत्याने कानाचं यंत्र घेतलं. महिन्याभराने त्या मुलाने मोबाइलवर आपलं वाजवणं पाठवलं. आत्याने यंत्र नीट बसवून दोनदा ऐकलं. डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी वाट बघत होते.

‘‘बार तिरका धरतोय,’’ ती म्हणाली. ‘‘रविवारी ये म्हणावं त्याला. गिटार घेऊन.’’