लिंडनश्ट्रासे : पडद्यावरचा शेजार

'सोप ऑपेरा' हा शब्द सुशिक्षित मंडळी बहुधा नाक मुरडूनच उच्चारतात. अमेरिकेत साबणाच्या कंपन्यांनी गृहिणींसाठी नभोवाणीवर कौटुंबिक श्रुतिका चालवल्या, त्यावरून हे नाव पडले. ज्याचा जन्मच जाहिरातीच्या पोटी झाला, त्याने समाजाला काय द्यावे? जर्मन भाषा शिकताना एका मालिकेची ओळख झाली आणि या प्रश्नाचे मला समाधानकारक उत्तर मिळाले.

ही मालिका म्हणजे 'लिंडनश्ट्रासे', अर्थात लिंडन वृक्षांचा रस्ता. ८ डिसेंबर १९८५ रोजी एआरडी या सार्वजनिक वाहिनीवर ती सुरू झाली आणि २९ मार्च २०२० रोजी १,७५८ व्या भागाने संपली. तिचे जनक हान्स गाइसेनडर्फर हे टोमास मान यांच्या कादंबरीवर चित्रपट काढणारे गंभीर वृत्तीचे दिग्दर्शक. स्फूर्ती मात्र त्यांनी घेतली ती इंग्लंडमध्ये १९६० पासून चालत आलेल्या 'कोरोनेशन स्ट्रीट' या लोकप्रिय मालिकेपासून.

गंमत अशी की, कथा घडते म्युनिकमध्ये आणि रस्ता आहे कोलोनमध्ये! कोलोनच्या बोक्लेम्युंड भागात डब्ल्यूडीआर या प्रक्षेपण संस्थेच्या आवारात सुमारे दीडशे मीटर लांबीचा रस्ता उभारला होता. घरे बहुतेक दर्शनी भिंतींपुरतीच. दार उघडून पात्र आत शिरले की पुढचा प्रसंग बंदिस्त दालनात उभारलेल्या खोलीत चित्रित होई.

पण खरे नेपथ्य होते ते काळाचे. भाग रविवारी दिसे आणि त्यातील घटना सहसा त्याच आठवड्याच्या गुरुवारी घडलेल्या असत. चित्रीकरण कित्येक आठवडे आधी होई. तरी प्रेक्षकांच्या घरी नाताळ आला की पडद्यावरही नाताळ येई. निवडणुकीच्या रविवारी तर मतमोजणीचे पहिले अंदाज त्याच संध्याकाळी पात्रांच्या तोंडी येत. क्लाउस बायमरची भूमिका करणारा मुलगा पहिल्या भागापासून त्याच भूमिकेत राहिला आणि प्रेक्षकांच्या देखत प्रौढ झाला.

या दीर्घ सहवासाचे मोल मला फार मोठे वाटते. एड्सविषयी भय आणि अज्ञान पसरलेले असताना, १९८८ मध्ये, बेनो हे पात्र त्या रोगाने मरण पावले. १९९० मध्ये कार्स्टेन आणि रोबर्ट या दोन तरुणांचे चुंबन दाखवले, तेव्हा निषेधाचे वादळ उठले, धमक्याही आल्या. परंतु कार्स्टेन हा काही वर्षांपासून घरोघरी परिचित झालेला मुलगा होता. अनोळखी माणसाचा तिरस्कार करणे सोपे असते. रोज जिन्यात भेटणाऱ्याचा करताना जीभ जरा अडखळते. व्हिएतनामहून आलेला निर्वासित गुंग आणि ग्रीक खानावळ चालवणारे कुटुंब याच न्यायाने प्रेक्षकांचे शेजारी झाले.

पुढे प्रेक्षक घटले. २०१८ मध्ये वाहिनीने मालिका थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा चाहत्यांनी निषेध केला. त्यांना त्या घरांच्या भिंती खोट्या आहेत हे का ठाऊक नव्हते? पण चौतीस वर्षांचा शेजार खोटा कसा म्हणायचा? लोकप्रिय आणि उथळ हे दोन शब्द समानार्थी मानण्यापूर्वी रसिकांनी या रस्त्यावरून एकदा तरी फेरी मारावी, एवढेच माझे सांगणे.