मुद्दाम चुकणारा रोबो

रोबो मुलांना परकी भाषा शिकवतो असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारते, पोरं त्याच्यापुढे तोंड उघडतात का? महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून मी ते शिकवत आले. शब्द येत असूनही उभं केल्यावर अंगठ्याने जमीन उकरणारी मुलं मला दरवर्षी भेटली. त्यांना भीती असते ती चुकलो तर सगळे हसतील याची.

जपानमधल्या एका प्राथमिक शाळेत ताकायुकी कांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणारे ‘रोबोवी’ दोन आठवडे ठेवले होते. मुलांच्या अंगावरच्या बिल्ल्यातली चिप ओळखून रोबो नावाने हाक मारायचा. सुरुवातीला त्याच्याभोवती झुंबड उडाली, पण दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली. जी मुलं तरीही त्याच्याकडे जात राहिली, त्यांचं इंग्रजी मात्र सुधारलं. २००४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास सांगतो, की नवलाईने गर्दी जमते. ती टिकवायला आणखी काहीतरी लागतं.

ते काय असावं? नेदरलँड्समध्ये पाच-सहा वर्षांच्या १९४ डच मुलांवर मोठा प्रयोग झाला. सात पाठ, ३४ इंग्रजी शब्द. काहींना ‘नाओ’ नावाचा जेमतेम दोन फुटी रोबो हातवारे करून शिकवत होता, तर काहींपुढे नुसता टॅबलेट होता. २०१९ साली निकाल आला: मुलं शब्द शिकली, पण रोबोवाली टॅबलेटवाल्यांपेक्षा पुढे गेली नाहीत. मला त्यात फारसं आश्चर्य वाटलं नाही. लहान मुलांचं बोबडं, अडखळतं बोलणं यंत्रांना तेव्हा नीट कळत नव्हतं, म्हणून मुलांनी उत्तरं द्यायची ती पडद्यावर बोट ठेवून. म्हणजे बोलण्याची गरज तिथेही फारशी पडलीच नाही.

मला पटला तो फुमिहिदे तानाका आणि शिझुको मात्सुझोए यांचा, २०१२ सालचा जपानी प्रयोग. तिथे रोबो शिष्य झाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर तो इंग्रजी क्रियापदं मुद्दाम चुकायचा. मग मुलं पुढे होऊन त्याचे हात धरायची आणि ती क्रिया त्याच्याकडून करवून घ्यायची. अशी शिकवलेली क्रियापदं त्यांच्या जास्त लक्षात राहिली. चुकणारा समोर दुसराच असल्यावर आपलं हसं होईल ही धास्ती कशाला उरेल?

ही युक्ती हातमोज्याच्या बाहुलीलाही जमते. तिने कुत्र्याचं चित्र दाखवून ‘कॅट’ म्हणावं, अख्खा वर्ग तिला दुरुस्त करायला धावतो. पण तेवढ्यात मागच्या बाकावरचं मुकं पोर पुन्हा मागेच राहतं. प्रत्येकाजवळ बसून, न कंटाळता, पुन्हा पुन्हा चुकायला चाळीस मुलांच्या बाईंना वेळ कुठून मिळणार? रोबो वर्गात आणायचाच असेल, तर या कामासाठी आणावा.