सुखाचे माप आणि सुखाची ओढ : नाशिकच्या संदर्भात एक विचार

सुखाचा शोध मानवी प्रगतीला साहाय्यभूत होतो की अडसर ठरतो, हा प्रश्न मराठीत मांडू गेल्यास पहिली अडचण शब्दांचीच येते. ‘सुख’ आणि ‘समाधान’ हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी सहज येतात. विचाराच्या क्षेत्रात मात्र त्यांची दिशा एक नाही. समाधान म्हणजे आहे त्या स्थितीत मन स्थिरावणे. सुखाचा एक अर्थ याला जवळचा आहे. दुसरा अर्थ दुःखाचे कारण दूर होणे हा आहे. पहिल्या अर्थाने सुख इच्छिणारा मनुष्य कोठेतरी थांबू पाहतो. दुसऱ्या अर्थाने इच्छिणाऱ्याला परिस्थितीला हात घालावा लागतो. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने जीवित व स्वातंत्र्य यांच्या जोडीला सुखाच्या शोधाचा हक्क नोंदविला, तेव्हा त्याचा प्रमुख लेखक जेफर्सन हा स्वतः गुलामांचा मालक होता. सुख कोणते, याइतकाच ते कोणाचे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, याचे हे ठळक उदाहरण होय.

मराठी विचारविश्वात सुखाला सामाजिक सुधारणेचे माप म्हणून ज्यांनी निःसंकोचपणे वापरले त्यांत गोपाळ गणेश आगरकर अग्रगण्य होत. १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू झाल्यावर बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण या प्रश्नांवर त्यांनी जे लिहिले, त्यामागे मिल व स्पेन्सर यांच्या अभ्यासातून घडलेली एक कसोटी आहे : रूढी शास्त्रसंमत आहे की नाही हे गौण, तिच्यामुळे माणसांचे सुख वाढते की दुःख, हे पाहावयाचे. या कसोटीने रूढीवरच स्वतःचे समर्थन करण्याची जबाबदारी टाकली. येथे सुखाचा विचार प्रगतीला पोषक ठरला यात शंका नाही. मात्र ही कसोटी लावणाऱ्याच्या स्वतःच्या वाट्याला सुख फारसे आले नाही. दम्याचा विकार, बेताची प्राप्ती आणि हयातीतच निघालेली प्रतीकात्मक प्रेतयात्रा हे सर्व सोसून आगरकर १८९५ मध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, निवर्तले. मिलने आपल्या आत्मचरित्रात असे नोंदवले आहे की, स्वतःच्या सुखाखेरीज अन्य काही ध्येय समोर ठेवणाऱ्यालाच वाटेत सुख भेटते. आगरकरांच्या बाबतीत ते वाटेतही क्वचितच भेटले असावे.

तथापि या कसोटीत एक उणीव राहून जाते. सुखाची बेरीज करावयाची तर बहुसंख्यांचे स्वास्थ्य हेही तिच्यात जमेस धरावे लागते, आणि अल्पसंख्यांचे दुःख त्या बेरजेत बुडून जाण्याचा धोका राहतो. ही उणीव कशी प्रत्ययास येते, हे पाहण्यास नाशिकइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

नाशिकचा विचार करताना प्रथम रामदासांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंपरेनुसार शहरालगतच्या टाकळी येथे त्यांनी बारा वर्षे तपश्चर्या केली. संतपरंपरेने समाधान शिकवून समाजाला निष्क्रिय केले, असा आक्षेप आधुनिकांनी वारंवार घेतला आहे. परंतु ‘दासबोध’ प्रपंचही नेटका करण्यास सांगतो आणि प्रयत्नाला फार वरचे स्थान देतो, हे लक्षात घेता तो आक्षेप सरसकट टिकत नाही. खरा पेच समाधानाच्या उपदेशाचा नसून, तो उपदेश कोणी कोणाला करावा याचा आहे.

हा पेच २ मार्च १९३० रोजी पंचवटीतील काळाराम मंदिरासमोर उघडा पडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह आरंभिला. स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाड यांनी वाहिली. स्त्रियाही त्यात सहभागी झाल्या. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. त्या वर्षीच्या रामनवमीच्या उत्सवात, ९ एप्रिल रोजी, दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती; ती मोडली, रथ पुढे काढून नेण्यात आला आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. आता आगरकरांची कसोटी केवळ बेरजेच्या अर्थाने येथे लावली तर काय दिसते? उत्सवाचे स्वास्थ्य भंगले, गावात कटुता आली, सत्याग्रहींना मार खावा लागला. त्या घडीला सुख कोणाचेच वाढले नाही. तरीही या लढ्याला प्रगती म्हणावयाचे असेल, तर प्रगतीचे प्रमाण सुखाच्या बेरजेबाहेर शोधावे लागते.

ते कोठे शोधावे, याचा निर्देश स्वतः आंबेडकरांनीच केला आहे. ३ मार्च १९३४ रोजी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरप्रवेशाने ते समान होतील, या समजुतीने हा लढा सुरू केला नव्हता; त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चेतना यावी, हा हेतू होता. त्याच पत्रात यापुढील शक्ती राजकारण व शिक्षण यांकडे वळविण्याचा सल्ला आहे. सुखाच्या भाषेत सांगावयाचे तर, अंगवळणी पडलेल्या दुःखाचे जाणवणाऱ्या दुःखात रूपांतर करणे, हे या सत्याग्रहाचे कार्य होते. याच जिल्ह्यातील येवले येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा झाली, ती या जाणिवेचीच पुढची पायरी होय. मात्र आंबेडकरांना दुःखाचे उदात्तीकरणही मान्य नव्हते. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांविषयीच शंका उपस्थित केली : जगणे आणि मरणे दोन्ही दुःखमय असतील, तर मनुष्याला आशा कोणती? दुःख ओळखावयाचे ते दूर करण्यासाठी.

तरुणपणी काळाराम सत्याग्रहात भाग घेतलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या साहित्यात हा प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. ‘विशाखा’ (१९४२) या संग्रहातील कोलंबसावरील कवितेत किनाऱ्याचे स्वास्थ्य नाकारणारी वृत्ती आहे. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मध्ये मात्र स्वास्थ्याचीच शोकांतिका आहे. आप्पासाहेब बेलवलकर सर्वस्व मुलांना वाटून टाकतात ते निश्चिंत उतारवयासाठी. मुलांनाही हवा असतो तो नीटनेटका, व्यत्यय नसलेला संसार. अनेकदा ही मुले केवळ कृतघ्न म्हणून वाचली जातात. ते वाचन अपुरे आहे. दोन्ही पिढ्या एकच वस्तू शोधत आहेत आणि तिच्यात दुसऱ्याला जागा नाही, हे या नाटकाचे अधिक अस्वस्थ करणारे सूत्र आहे.

सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी नाशिकजवळील विहितगाव येथे बाबूराव बागूल यांचा जन्म झाला. त्यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेत सुखाची किंमत रोकडी मोजली गेली आहे. परगावी रेल्वेत नोकरीला गेलेला निवेदक जात लपवितो आणि त्याला सहकाऱ्यांचा स्नेह व कवी म्हणून मान मिळतो. हे सुख खोटे नाही. त्यातील माणसांची आपुलकीही खोटी नाही. परंतु ते टिकण्याची अट मौन ही आहे, आणि प्रत्येक दिवशी ती अट नव्याने पाळावी लागते. याच्या उलट त्याच कथेतील काशिनाथ जात लपवीत नाही, अपमानाला तेथल्या तेथे उत्तर देतो आणि म्हणून कोणालाच प्रिय होत नाही. निवेदकाची जात उघड होते, कालपर्यंत मान देणारे हातच त्याच्यावर उठतात. त्या वेळी त्याला सोडविण्यासाठी धावून येतो तो काशिनाथच.